भ्रमोत्पादक द्रव्यें आणि मृत्यूचें भय

आमचे वडील बंधु तीन वर्षांपूर्वीं कर्करोगानें निवर्तले. घरांतील लहानथोर सर्व त्यांस दादा म्हणत. वेदनेवर डॉक्टरांजवळ औषध होतें व तें वेळेवर मिळालें. त्याविषयीं आमची कोणाविरुद्धही तक्रार नाहीं. परंतु शेवटच्या चार महिन्यांत दादा रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास जागे होत आणि ‘किती वाजले?’ म्हणून विचारीत. आम्ही घड्याळ पाहून वेळ सांगत असूं आणि ‘पडा आतां, उजाडायला अवकाश आहे’ असें म्हणून पुन्हा कुशीवर वळत असूं. दादांस वेळ जाणून घ्यावयाची नव्हती, हें आम्हांस त्या वेळींही कळत होतें. आयुष्यभर मुलांकडून गीतेचा दुसरा अध्याय पाठ करवून घेणारा मास्तर सख्ख्या भावाशीं मरणाविषयीं चार वाक्यें बोलूं शकला नाहीं, ही गोष्ट आम्ही आज प्रथमच लिहून काढीत आहों.

दादांची धाकटी मुलगी औषधिशास्त्राचा अभ्यास करते. गेल्या वर्षीं श्राद्धाच्या दिवशीं जेवणें उरकल्यावर तिनें दोन छापील संशोधन-निबंध आमच्या हातीं ठेवले. एका अळंब्यांतून निघणारें ‘सायलोसायबिन’ नांवाचें भ्रमोत्पादक द्रव्य कर्करोग्यांस देऊन त्यांचें मृत्युभय कमी होतें कीं काय, ह्याचा अमेरिकेंत झालेला प्रयोग हा त्यांचा विषय होता. पांढरपेशा घरांतील कोणाही वृद्धास वाटेल तेंच आम्हांस वाटलें, कीं ही गांजेकसांची विद्या आतां विद्यापीठांत शिरली! परंतु पोर दादांची. तिचें मन मोडवेना म्हणून वाचावयास घेतलें, आणि मग तें सोडवेना. तेव्हांपासून वर्षभर ह्या विषयावर जें हातीं लागलें तें वाचीत आलों. त्यांतील कांहीं भाग वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम एक घोळ दूर केला पाहिजे. आपण ‘मादक पदार्थ’ ह्या एका शब्दाखालीं वाटेल तीं द्रव्यें कोंबतों. अफू वेदना व जाणीव दोन्ही बोथट करते. मद्य विवेकाची गांठ सैल करतें. धोत्र्याचें बी तर माणसास खऱ्याखोट्याची ओळखच राहूं देत नाहीं. तो समोर नसलेल्या माणसाशीं बोलत बसतो, दुसऱ्या दिवशीं त्यास कांहीं आठवत नाहीं, आणि पुष्कळदां तो दुसरा दिवस उगवतच नाहीं. ज्या द्रव्यांविषयीं आम्ही लिहीत आहों तीं ह्यांहून निराळीं. त्यांच्या अमलांत शुद्धि जात नाहीं, स्मृति बहुधा शाबूत राहते, आणि पाहणारास पुष्कळदां हेंही ठाऊक असतें कीं जें दिसत आहे तें औषधामुळें दिसत आहे. तथापि पाहणारा मात्र पूर्वीचा राहत नाहीं. कोणी तरुण वाचक हें वाचून हुरळून जाईल, म्हणून येथेंच सांगून ठेवतों कीं हीं द्रव्यें बाळगणें हा आपल्या देशांत १९८५ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे.

आतां ह्या शास्त्राचा आरंभ कसा झाला तें पाहूं. यूरोपांत राय नांवाचें एक धान्य पिकतें. त्याच्या कणसावर पावसाळी हवेंत काळपट, शिंगासारखी एक बुरशी येते. तिला अर्गट म्हणतात. आपल्या बाजरीवर येणारा अरगट हा तिचाच चुलतभाऊ. त्यासाठीं आपले शेतकरी बियाणें मिठाच्या पाण्यांत बुडवून तरंगणारें काढून टाकतात. मध्ययुगांत ह्या रायीच्या भाकरीनें गांवेंच्या गांवें आजारी पडत. कोणाचे हातपाय कोळशासारखे काळे पडून झडत, कोणास झटके येत. उलटपक्षीं तेथील सुइणी हीच बुरशी अडलेल्या बाळंतिणीस बेतानें देत असत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठीं आज इस्पितळांत जें इंजेक्शन देतात त्यांतील एक ह्याच बुरशीच्या कुळांतलें आहे. सारांश, मारणारें आणि तारणारें एकाच कणसावर पिकत होतें.

स्वित्झर्लंडांतील बाझेल शहरीं सँडोझ नांवाच्या औषध-कंपनींत आल्बर्ट हॉफमान हा रसायनशास्त्रज्ञ ह्या बुरशींतील द्रव्यांवर काम करीत होता. श्वासोच्छ्वास व रुधिराभिसरण ह्यांस उत्तेजन देणारें औषध मिळावें एवढाच त्याचा हेतु. लायसर्जिक आम्लापासून त्यानें एकामागून एक संयुगें बनविलीं. त्यांतील पंचविसावें त्यानें १९३८ च्या नोव्हेंबरांत तयार केलें. जनावरांवर देऊन पाहिलें, तीं किंचित् अस्वस्थ झालीं, ह्यापलीकडे कांहीं आढळलें नाहीं. तेव्हां तें फडताळांत गेलें. पांच वर्षांनीं हॉफमानास त्या संयुगाची पुन्हा आठवण झाली. ती कां व्हावी ह्याचें समाधानकारक कारण त्यासही देतां आलें नाहीं. ता. १६ एप्रिल १९४३ रोजीं तें पुन्हा बनवीत असतां त्याचा अंश बहुधा बोटांवाटे शरीरांत गेला आणि त्यास घेरी येऊं लागली. तो घरीं जाऊन पडला, तों मिटल्या डोळ्यांपुढें रंगांचे फवारे उडूं लागले.

तीन दिवसांनीं, ता. १९ एप्रिल रोजीं, त्यानें जाणूनबुजून एक मिलिग्रॅमचा चौथा भाग पाण्यांतून घेतला. एवढें वजन म्हणजे बारीक मिठाचे चार-पांच कण. तोंपर्यंत ठाऊक असलेल्या कोणत्याही द्रव्याचा इतक्या अल्प मात्रेंत परिणाम होत नसे, म्हणून त्याच्या मतें ही मोठी सावधगिरी होती. प्रत्यक्षांत ती मात्रा जबर ठरली. युद्धाचे दिवस असल्यामुळें मोटार मिळेना; मदतनिसास बरोबर घेऊन तो सायकलीवर घरीं निघाला. सायकल जागची हलत नाहीं असें त्यास वाटत होतें, आणि मदतनीस म्हणत होती कीं आपण वेगानें आलों. घरीं सामान अंगावर धांवून येऊं लागलें. दूध घेऊन आलेली शेजारीण रंगीत मुखवटा घातलेली चेटकीण दिसूं लागली. आपल्या देहांत कोणी पिशाच शिरलें आहे, आपण मरत आहों किंवा वेडे होत आहों, अशी त्याची खात्री झाली. डॉक्टर आला. त्यास डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या दिसल्या. बाकी नाडी, श्वास, रक्तदाब सर्व ठीक. हळूहळू भय ओसरलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं न्याहारीस अपूर्व चव लागली, आणि पाऊस पडून गेलेली बाग नुकतीच निर्माण झाल्यासारखी दिसली. हा गृहस्थ पुढें १०२ वर्षें जगून २००८ सालीं वारला. आपल्या ह्या शोधास तो ‘माझें काळजीचें मूल’ म्हणत असे; आणि मुलाच्या पुढील वर्तनाकडे पाहतां तें नांव अन्वर्थक होतें असेंच म्हणावें लागतें.

ह्या कथेचा दुसरा ओघ मेक्सिको देशांतून येतो. तेथील वाहाका प्रांताच्या डोंगरांत वावूतला नांवाचें गांव आहे. माझातेक लोकांची तेथें वस्ती. मारिया साबिना नांवाची एक निरक्षर विधवा तेथें रात्रभर गाऊन, विशिष्ट अळंबीं खाऊन व देऊन, आजाऱ्यांस गुण देत असे. त्या अळंब्यांस ती पवित्र बालकें म्हणे. १९५५ सालीं गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँकवाला, अळंब्यांच्या नादानें फिरत फिरत, तिच्या घरीं पोहोंचला आणि त्या रात्रींच्या विधींत सामील झाला. १९५७ च्या मे महिन्यांत ‘लाइफ’ साप्ताहिकांत त्यानें तो वृत्तांत छापला. बाईचें व गांवाचें नांव त्यानें लपविलें होतें, परंतु अशीं नांवें लपून राहत नाहींत.

तीं अळंबीं पॅरिसच्या रोजे एम ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें प्रयोगशाळेंत वाढविलीं आणि हॉफमानकडे पाठविलीं. जनावरांवर नीट कांहीं उमगेना, तेव्हां ह्या विलक्षण माणसानें वाळलेलीं ३२ अळंबीं स्वतः खाल्लीं. शुश्रूषेस बसलेला डॉक्टर त्याचा रक्तदाब पाहण्यास वांकला, तों तो त्यास नरबळी देणारा अॅझटेक पुरोहित दिसला! पुढें १९५८ मध्यें त्यानें अळंब्यांतील सायलोसायबिन वेगळें काढलें. १९६२ सालीं हॉफमान व वॉसन त्या द्रव्याच्या गोळ्या घेऊन मारिया साबिनाकडे गेले. तिनें त्या घेऊन पाहिल्या आणि अळंब्यांत व ह्यांत फरक नाहीं असा निर्वाळा दिला. रसायनशास्त्रास ह्याहून थोर प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठानें दिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु त्या बाईस काय मिळालें? परदेशी हौशी लोकांची रीघ लागली, पोलिसांचा ससेमिरा आला, गांवकरी उलटले, तिचें घर जाळण्यांत आलें. परके आल्यापासून बालकांचें सामर्थ्य गेलें, असें ती उतारवयांत सांगत असे. कोट्यवधि डॉलरांच्या कंपन्या आज ह्या द्रव्यावर उभ्या राहत आहेत. त्यांच्या ताळेबंदांत हें घर कोठें मांडलेलें नाहीं.

पुढील दहा वर्षांत संशोधन थोडें आणि धुमाकूळ फार झाला. एक प्रयोग मात्र सांगण्याजोगा आहे. १९६२ च्या गुड फ्रायडेस बोस्टन विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरांत वॉल्टर पांके ह्या वैद्यानें धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांपैकीं दहांस सायलोसायबिन व दहांस केवळ अंग तापविणारें एक जीवनसत्त्व दिलें. पहिल्या दहांपैकीं बहुतेकांस सर्व धर्मांतील संतांनीं वर्णिला आहे तशा जातीचा अनुभव आला. हा प्रयोग तीस वर्षें गाजत राहिला. नंतर १९९१ सालीं एका चिकित्सकानें त्या विद्यार्थ्यांस पुन्हा शोधून काढलें, तेव्हां त्यांतील एकास घाबरून सैरभैर झाल्यामुळें शांत करणारें इंजेक्शन टोंचावें लागलें होतें, असें बाहेर आलें. मूळ निबंधांत त्याचा उल्लेखच नव्हता. परीक्षेंतील नापास मुलांचीं नांवें गाळून शाळेचा निकाल लावणारे मुख्याध्यापक आम्हीं पाहिले आहेत. हा त्यांतलाच प्रकार. अमेरिकेंत १९७० सालीं ह्या द्रव्यांवर कडक बंदी आली आणि विषय जवळजवळ मिटला.

तो पुन्हा उघडला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रोलंड ग्रिफिथ्स ह्यांनीं. हे मूळचे कॉफींतील कॅफीनच्या संवयीवर संशोधन करणारे. स्वतः ध्यानधारणेकडे वळल्यावर त्यांस ह्या प्रश्नाची ओढ लागली. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत ३६ निरोगी माणसें होतीं. पूर्वीं असें द्रव्य त्यांपैकीं कोणींही घेतलें नव्हतें, आणि सर्वांस थोडीबहुत धर्मसाधनेची संवय होती. दोन महिन्यांनीं विचारलें असतां त्यांतील ६७ टक्के लोकांनीं तो दिवस आयुष्यांतील पहिल्या पांच अर्थपूर्ण प्रसंगांत गणला. कित्येकांनीं त्याची तुलना पहिलें मूल जन्मल्याच्या किंवा आईबाप गेल्याच्या प्रसंगाशीं केली. परंतु त्याच निबंधांत हेंही स्वच्छ लिहिलें आहे कीं ३१ टक्के लोकांस त्या दिवशीं तीव्र भयाचा अनुभव आला. ग्रिफिथ्स ह्यांचा हा प्रामाणिकपणा आम्हांस विशेष आवडला.

आणि येथेंच आम्हीं पहिल्या वाचनांत ओलांडून गेलेली गोष्ट आमच्या पुतणीनें दाखविली. ‘काका, गोळीचं सोडा, ती देतात कशी तें वाचलंत का?’ तेव्हां पुन्हा वाचलें. गोळी देण्याआधीं चार भेटींत मिळून आठ तास त्या माणसाशीं केवळ बोलणें होतें: त्याचें बालपण, त्याचीं माणसें, त्याचीं दुःखें. प्रयोगाची खोली इस्पितळासारखी नाहीं, दिवाणखान्यासारखी असते. माणूस कोचावर पडतो, डोळ्यांवर पट्टी, कानांवर संगीत. आणि दोन माणसें आठ तास त्याच्याजवळ बसून असतात. तीं उपदेश करीत नाहींत, अर्थ सांगत नाहींत. तो घाबरला तर हात धरतात. आलेल्या भयापासून पळूं नको, त्याच्या समोर जा, एवढेंच काय तें शिकवून ठेवलेलें असतें.

ह्याच पद्धतीनें हॉपकिन्स येथें ५१ आणि न्यूयॉर्क विद्यापीठांत २९ कर्करोग्यांवर प्रयोग झाले. त्यांचे निबंध २०१६ च्या डिसेंबरांत एकाच वेळीं प्रसिद्ध झाले, आणि तेच दोन श्राद्धाच्या दिवशीं आमच्या हातीं आले. हे रोगी खिन्नतेनें व मरणाच्या धास्तीनें पिडलेले होते. हॉपकिन्सच्या रोग्यांस एक वेळ नाममात्र व एक वेळ पूर्ण अशी मात्रा पांच आठवड्यांच्या अंतरानें, कोणास आधीं ही तर कोणास आधीं ती, देण्यांत आली. सहा महिन्यांनीं सुमारें ८० टक्के लोकांची खिन्नता व धास्ती लक्षांत येण्याजोगी कमी झालेली होती. रोग होता तेथेंच होता.

आतां ह्या आंकड्यावर किती भार टाकावा? सहा महिन्यांची तुलना करावयास न घेतलेला कोणी उरलाच नव्हता, कारण तोंवर प्रत्येकास पूर्ण मात्रा मिळून चुकली होती. शिवाय औषधाचे प्रयोग आंधळे असावे लागतात. आपणांस खरें औषध मिळालें कीं खडीसाखर हें रोग्यास कळूं नये. परंतु ज्याच्या डोळ्यांपुढें इंद्रधनुष्यें नाचूं लागलीं त्यापासून हें लपवावें कसें? ही अडचण अजून कोणासही सुटलेली नाहीं. १९९८ सालीं झूरिक येथें फोलेनवायडर व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखवून दिलें कीं मेंदूंतील सेरोटोनिन द्रव्याचें एक विशिष्ट कुलूप आधींच दुसऱ्या औषधानें बुजवून ठेवलें तर सायलोसायबिनचे ते चमत्कार होत नाहींत. म्हणजे किल्ली कोणत्या कुलपास लागते हें ठरलें. लंडनच्या इंपीरियल कॉलेजाच्या संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ३० माणसांच्या मेंदूंची चित्रें घेतलीं, तेव्हां मेंदूची खळबळ वाढलेली दिसेल ही अपेक्षा खोटी ठरून कांहीं मध्यवर्ती भागांतील रक्तप्रवाह घटलेलाच दिसला. माणूस स्वतःविषयीं विचार करीत बसतो तेव्हां जे भाग जागे असतात, त्यांतलेच हे. परंतु त्या कुलपाआड दिवाणखाना कीं कोठार, हें मेंदूच्या चित्रांत दिसत नाहीं.

पुढें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या २३३ रोग्यांच्या मोठ्या प्रयोगांत, औषधांस दाद न देणारी खिन्नता पूर्ण मात्रेनें तीन आठवड्यांत पुष्कळ उतरली. पण बारा आठवडे तो गुण टिकलेले थोडे होते, आणि कांहींच्या मनांत आत्मघाताचे विचार आल्याचीही नोंद आहे. ज्यांच्या घराण्यांत उन्मादाचा किंवा वेडाचा इतिहास आहे त्यांस तर अशा प्रयोगांत घेतच नाहींत. ही अट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. आपल्या घरांतून ‘त्याला लागीर झालें होतें’ म्हणून झांकलेले असे इतिहास थोडे नसतात.

संस्कृत शिकलेल्या माणसास येथें एक जुनी शंका छळते. दोरीवर सर्प भासला, दिवा आणला, सर्प नाहींसा झाला. ह्यास नैयायिक बाध म्हणतात, आणि बाधित होतें तेंच भ्रम. ह्या रोग्यांस संध्याकाळीं उतार पडतो, म्हणजे दिवा येतो. शेजारीण चेटकीण नव्हती हें हॉफमानास कळलें. तो सर्प गेला. परंतु ‘मी ह्या सर्वांहून वेगळा नाहीं, आणि भिण्याजोगें कांहीं नाहीं’ हें जें त्या रोग्यांनीं पाहिलें, तें सहा महिन्यांच्या दिव्यानेंही जात नाहीं. मग त्यास भ्रम म्हणावें काय? बाध झाला नाहीं एवढ्यावरून तें सत्य ठरतें असेंही नाहीं. पुष्कळ भ्रम माणसाबरोबर चितेवर जातात. ‘भ्रमोत्पादक’ हा शब्द आम्हीं मथळ्यांत घातला खरा, पण तो उत्तर आधींच देऊन बसतो, ही टोंचणी राहते.

‘म्हणजे आमच्या ऋषींचा सोम हाच ना?’ असा प्रश्न वाचकांच्या जिभेवर आला असेल. वॉसननें १९६८ सालीं तसेंच प्रतिपादिलें. लाल टोपीवर पांढरे ठिपके असणारें अळंबें म्हणजे सोम. केंब्रिजचे जॉन ब्रॉ ह्यांनीं त्याचीं प्रमाणें वेदवचनांच्या आधारें खोडून काढलीं, आणि पुण्याचे वैदिक पंडित चिं. ग. काशीकर ह्यांनीं १९९० च्या आपल्या ग्रंथांत एफिड्रा ह्या डोंगरी झुडपाचा पक्ष घेतला. तें झुडूप जागें ठेवतें, स्वप्नें दाखवीत नाहीं. वाद मिटलेला नाहीं. नवव्या मंडलांत प्रयोगशाळा शोधण्याची घाई करूं नये, असें आमचें मत आहे.

ग्रिफिथ्स ह्यांस स्वतःस पुढें कर्करोग झाला आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत, ७७ व्या वर्षीं, ते गेले. ऑस्ट्रेलियांत त्याच वर्षाच्या जुलैपासून परवानाधारक मनोवैद्यांस असाध्य खिन्नतेवर हें द्रव्य देण्याची मुभा मिळाली आहे. आपल्याकडे असें कांहीं नाहीं.

पुतणी परत जाण्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं तिला विचारलें, ‘असें औषध येथें मिळतें, तर दादांनीं घेतलें असतें असें तुला वाटतें का? संध्या न चुकविणारा माणूस तो.’ ती बराच वेळ निबंधाच्या कडा सारख्या करीत बसली. मग म्हणाली, ‘माहीत नाहीं, काका. बाबांना कशाची भीति वाटते, हें आपण कोणी विचारलंच नाहीं.’ घरांत त्या चार महिन्यांत आम्ही लहानमोठीं चौदा माणसें होतों. आंतून चहा झाल्याची हांक आली, म्हणून आम्ही उठलों.